जॅकवेलवरची कंट्रोलर जोडी : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते एप्रिल २०२४

९ जानेवारी, मंगळवार

जॅकवेलची, म्हणजे शहरासाठी पाणी उपसायच्या विहिरीची, पहिली पाहणी. चार व्हर्टिकल टर्बाइन पंप आहेत. तीन चालतात, एक राखीव असतो. मोटरी ३.३ केव्हीच्या. पाणी रायझिंग मेनमधून (वर चढणाऱ्या मुख्य पाइपलाइनमधून) टेकडीवरच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे जातं. काम असं : जुना पीएलसी (पंप चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) काढून नवा बसवायचा, आणि एक कंट्रोलर बंद पडला तरी दुसऱ्याने आपोआप ताबा घ्यायचा.

पॅनेल उघडलं तेव्हा दिसलं की जोडी आधीपासून आहेच. दोन पीएलसी शेजारी शेजारी, मधून सिंक केबल, सगळं रीतसर. फक्त दुसऱ्याचा लाल दिवा जळत होता. दारावर 'स्टँडबाय हेल्दी' लिहिलेला इंडिकेटर, तो विझलेला. शिफ्टवरच्या पंपचालक काकांना विचारलं.

"तो दिवा लागलेला मी तर बघितला नाही, साहेब. पण पंप कधी थांबले नाहीत, म्हणून कुणी बोललं नाही."

लॉगबुक मागे मागे चाळत गेलो. त्या दिव्याबद्दल एकही नोंद नाही. राखीव पीएलसी केव्हा गेला हे आता कुणीच सांगू शकणार नाही. काकांची यात काही चूक नाही. चालू कंट्रोलर गेला तर पंप थांबतात, फोन खणखणतात, साहेब लोक धावत येतात. राखीव गेला तर काहीच होत नाही. व्यवस्थेने स्वतः ओरडून सांगितलं नाही तर माणसाला कळायचं कसं?

संध्याकाळी गेस्ट हाऊसवर हिशेब मांडला. समजा राखीव कंट्रोलर सरासरी १० वर्षांत एकदा बिघडतो. बिघाड कळायची सोय नाही आणि तपासणी वर्षातून एकदा, तर बिघडल्यापासून सापडेपर्यंत सरासरी ६ महिने जातात. ६ महिने भागिले १० वर्षं म्हणजे ५ टक्के. गरज पडेल त्या क्षणी राखीव मेलेला असण्याची शक्यता एवढी. आता अलार्म वाजतो आणि ८ तासांत मॉड्यूल बदललं जातं असं धरा. १० वर्षांचे तास ८७,६००. शक्यता ०.०१ टक्क्याच्याही खाली येते. मॉड्यूल तेच, किंमत तीच, आणि फरक पाचशे पटींहून जास्त. या प्रकल्पात मी सर्वात जास्त वेळ याच्यावर घालवणार आहे : जोडी तुटली की ते माणसापर्यंत पोचलं पाहिजे.

१२ जानेवारी, शुक्रवार

पंप अचानक थांबले तर काय होतं याची चौकशी केली. जुन्या रचनेत पीएलसीचं एक आउटपुट सतत चालू राहतं आणि त्याच्यावर पंप चालतो. पीएलसी मेला की आउटपुट पडतं, तिन्ही पंप एका क्षणी ट्रिप होतात, म्हणजे बंद पडतात.

रायझिंग मेनमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर धरला आणि लोखंडी पाइपातली दाबाची लहर सेकंदाला सुमारे १,००० मीटर धरली, तर वेग एकदम शून्यावर आल्यावर दाबात होणारा बदल जवळपास १५० मीटर पाण्याच्या उंचीइतका येतो. हे गणित जुकोव्स्कीने मॉस्कोत १८९८ साली मांडलं आणि आजही वॉटर हॅमरचा, म्हणजे पाइपातल्या दाबाच्या धक्क्याचा, पहिला अंदाज त्यावरूनच काढतात. इथे धक्का झेलणारं एअर व्हेसल (हवा भरलेली टाकी) आहे. वीज गेली तरी हेच होणार असल्याने ते असायलाच हवं. पण कंट्रोलरच्या बिघाडाने त्या पाइपलाइनला विनाकारण धक्के द्यायचे कशाला?

पुढचा त्रास लोकांचा. मोठ्या मोटरीला तासात किती वेळा स्टार्ट द्यायचा याला मर्यादा असते, रिकामी झालेली लाइन हळूहळूच भरावी लागते. पंपिंग दोन तास थांबलं तर शहराच्या मध्यभागी फारसं जाणवत नाही. टोकाच्या वस्त्यांची पाळी मात्र हुकते, आणि तिथे टाकी नसलेली घरं जास्त.

२३ जानेवारी, मंगळवार

निवड पक्की झाली. कंट्रोललॉजिक्स या पीएलसी मालिकेची दोन चॅसिस (मॉड्यूल बसवायच्या चौकटी), प्रत्येकात कंट्रोलर, इथरनेट मॉड्यूल आणि १७५६-आरएम२ हे जोडी सांभाळणारं रिडंडन्सी मॉड्यूल. दोन्ही आरएम२ फायबरने जोडलेली. त्यांना दोन फायबर पोर्ट असतात, एक केबल तुटली तर दुसरीवर काम चालू राहतं. दोन्ही जोडायच्या असं ठरवलं.

अटी कडक आहेत. दोन्ही चॅसिस एकाच आकाराची, त्याच स्लॉटमध्ये तेच मॉड्यूल, सुसंगत फर्मवेअर (मॉड्यूलच्या आतलं सॉफ्टवेअर). आय/ओ कार्डं (सिग्नल आत घेणारी, बाहेर देणारी) या चॅसिसमध्ये लावता येत नाहीत, ती वेगळ्या रॅकवर. अटी जुळल्या की दुसरी चॅसिस पात्र ठरते, नाही जुळल्या तर तशी पडून राहते. भांडारात एखादं सुटं मॉड्यूल वेगळ्या फर्मवेअरचं पडलं असेल आणि रात्री घाईत तेच बसवलं गेलं, तर जोडी जमणार नाही. म्हणून सुट्या मॉड्यूलच्या खोक्यावर फर्मवेअरचा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहायचा, हे आजच सामानाच्या यादीत घातलं.

३० जानेवारी, मंगळवार

आज सबंध दिवस आय/ओच्या मांडणीवर गेला. निविदेत 'रिडंडंट सिस्टिम' म्हटलंय आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळंच दुहेरी आहे. तसं नाही. दुहेरी आहे तो कंट्रोलर. आय/ओ रॅक एकेरी, कार्ड एकेरी, लेव्हल ट्रान्समीटर एकेरी.

जुन्या नकाशात चारही पंपांचे सिग्नल एकाच कार्डवर ओळीने होते. वायरिंगला सोपं, पण कार्ड गेलं की चारही पंप जातात. आता दोन रॅक केले : पंप १ आणि ३ पहिल्यावर, २ आणि ४ दुसऱ्यावर. एक रॅक पूर्ण गेला तरी निम्मे पंप हातात राहतात. याला जास्तीचा खर्च एका ॲडॉप्टरचा आणि एका पॉवर सप्लायचा. जॅकवेलची पातळी मोजायला दुसरा ट्रान्समीटर घेतला, तोही दुसऱ्या रॅकवर.

दुसरा बदल मला जास्त मोलाचा वाटतो. 'सतत चालू' आउटपुट काढून टाकलं. आता ब्रेकर (मोटरीचा मोठा स्विच) क्लोज, म्हणजे चालू, करायला एक पल्स, ट्रिप करायला दुसरी पल्स. ब्रेकर यांत्रिकपणे लॅच होतो, म्हणजे आहे त्या स्थितीत अडकून राहतो, त्यामुळे दोन्ही कंट्रोलर एकदम मेले तरी चालू पंप चालू राहतात. आणि जे थांबवायलाच हवं ते पीएलसीच्या भरवशावर ठेवलं नाही : फार खाली गेलेल्या पातळीचा फ्लोट स्विच, मोटर प्रोटेक्शन रिले, इमर्जन्सी बटण, हे सगळं थेट ब्रेकर पाडणाऱ्या ट्रिप कॉइलला. ट्रिप कॉइलचा पुरवठा ११० व्होल्ट डीसी बॅटरीवरून.

बैठकीत एका अभियंत्यांनी विचारलं, "पंप असेच चालू राहणार असतील तर जोडीवर पैसे का घालायचे?" प्रश्न रास्त आहे. कंट्रोलर नसताना पंप चालतात, पण आंधळे चालतात. जॅकवेलची पातळी उतरतेय, वरच्या केंद्रात पाणी ओसंडतंय, डिलिव्हरी व्हॉल्व्ह अर्धवट आहे, हे पाहायला प्रत्येक ठिकाणी माणूस उभा करावा लागतो, हातात वॉकीटॉकी घेऊन. रात्रपाळीला दोनच माणसं असतात.

६ फेब्रुवारी, मंगळवार

वीजपुरवठा. ठेकेदाराच्या ड्रॉइंगमध्ये दोन २४ व्होल्टचे एसएमपीएस (डीसी वीज देणारे पॉवर सप्लाय), पुढे दोन पुरवठे एकत्र करणारं रिडंडन्सी मॉड्यूल (हे आरएम२ नव्हे), तिथून एकच बस (सामाईक वीजवाहिनी) आणि त्या बसवर दोन्ही चॅसिस. कागदावर दुहेरी दिसतं. मागे गेलं तर दोन्ही एसएमपीएस एकाच यूपीएसवर, एकाच एमसीबीखाली. पुढे गेलं तर त्या बसवर कुठेही शॉर्ट झाला की दोन्ही कंट्रोलरचा व्होल्टेज एकदम कोसळणार.

बदलून घेतलं. पहिली चॅसिस यूपीएसच्या एसएमपीएसवर. दुसरी स्टेशन बॅटरीच्या ११० व्होल्टवरून, डीसी कन्व्हर्टर लावून. या दोघांची कुठेही गाठ नाही. आय/ओ रॅकसाठी मात्र दोन्ही पुरवठे रिडंडन्सी मॉड्यूलमधून एकत्र केले, कारण रॅक एकेरीच आहे. प्रत्येक सप्लाय एकट्याने पूर्ण भार पेलणारा हवा. दोघांनी मिळून पेलला तर तो आधार नव्हेच. प्रत्येकाचा 'डीसी ओके' संपर्क वेगळ्या इनपुटवर आणला. एकत्रित अलार्म नको, कोणता गेला ते नावानिशी कळलं पाहिजे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

वर्कशॉपमध्ये दोन्ही चॅसिस उभी राहिली. प्रोग्रॅम मुख्य कंट्रोलरमध्ये एकदाच घालायचा, दुसऱ्यात तो आपोआप जातो. त्यानंतर प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेवटी, त्या दरम्यान लिहिला गेलेला डेटा दुसऱ्या कंट्रोलरकडे पाठवला जातो. याला क्रॉसलोड म्हणतात, आणि त्याला लागणारा वेळ स्कॅनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका फेरीच्या वेळेत, भर घालतो. एखाद्या टॅगमध्ये (नाव दिलेल्या मेमरीच्या जागेत) तीच जुनी किंमत पुन्हा लिहिली तरी ती पाठवली जाते. जुन्या प्रोग्रॅममध्ये दर स्कॅनला शेकडो ठिकाणी शून्यावर शून्य लिहिणं चाललं होतं. ते काढलं, विखुरलेले टॅग एकत्र गटात बांधले, छोटे छोटे प्रोग्रॅम जोडून मोजके केले. स्कॅन लक्षणीय खाली आला.

दुपारी जाणूनबुजून एक बिघाड घडवला. स्काडावरून (दुरून देखरेख करणाऱ्या संगणकावरून) 'पुढचा पंप' क्रमांक लिहायची सोय आहे आणि तो क्रमांक थेट ॲरेचा (यादीचा) निर्देशांक म्हणून वापरला जात होता. चार पंपांच्या यादीत आम्ही ५ लिहिलं. मुख्य कंट्रोलर मेजर फॉल्टमध्ये गेला, म्हणजे थांबला. दुसऱ्याने चोख ताबा घेतला, तोच प्रोग्रॅम चालवला, त्याच टॅगमध्ये तोच ५, आणि तोही फॉल्टमध्ये. दोन्ही लाल.

एरियन ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण, ४ जून १९९६, इथे आठवलंच पाहिजे. दिशा आणि गती सांगणाऱ्या दोन यंत्रणा, एक चालू, एक राखीव, दोन्हींत एकच सॉफ्टवेअर. आडव्या गतीशी संबंधित ६४ बिटची एक संख्या १६ बिटमध्ये बसवताना मावली नाही. राखीव यंत्रणा आधी बंद पडली, तिच्यामागोमाग ७२ मिलिसेकंदांच्या फेरीत चालू यंत्रणाही, तेही मुख्य इंजिन पेटवायला सुरुवात झाल्यापासून सुमारे ३७ व्या सेकंदाला. तो कोड एरियन ४ वरून जसाच्या तसा आला होता. आमचा हा भागही जुन्या पीएलसीवरून तसाच उचललेला आहे. जोडी सुटा भाग जळण्यापासून वाचवते. दोघांत सारखंच लिहिलेल्या चुकीपासून नाही वाचवत.

बाहेरून येणारी प्रत्येक संख्या वापरण्याआधी मर्यादेत आहे का ते तपासणारा भाग घातला. फॉल्ट आल्यावर चालणारं कंट्रोलर फॉल्ट रूटीनही लिहिलं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

पंपांच्या पाळीचा प्रश्न सुटला. ताबा बदलल्यावर नवा कंट्रोलर तो अर्धवट राहिलेला प्रोग्रॅम सुरुवातीपासून पुन्हा चालवतो. एरवी यात धोका नाही, कारण त्याच्याकडचा डेटाही त्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीचाच असतो. पण मध्येच जास्त प्राधान्याचा टास्क (प्रोग्रॅमचा गट) घुसला, तर तो संपताना क्रॉसलोड होतो आणि खालच्या प्रोग्रॅमचं अर्धं काम दुसरीकडे पोचतं. नेमका त्यानंतर ताबा बदलला तर ते अर्धं काम दोनदा होतं.

आमच्याकडे 'पुढची पाळी कुणाची' ही यादी 'शिफ्ट' या सरकवणाऱ्या इन्स्ट्रक्शनने एकेक घर सरकते. दोनदा सरकली की एका पंपाची पाळी गुपचूप गाळली जाते. कुणाच्या लक्षातही येणार नाही, महिन्याभराने एका पंपाचे तास कमी भरलेले दिसतील. उपाय दोन : असं लॉजिक सर्वोच्च प्राधान्याच्या टास्कमध्ये ठेवायचं, किंवा सरकवण्याची पद्धतच सोडायची. मी दुसरा निवडला. आता पाळी प्रत्येक पंपाच्या चाललेल्या तासांवरून काढली जाते. कितीही वेळा मोजली तरी उत्तर तेच येतं.

७ मार्च, गुरुवार

शटडाऊनचा दिवस, पाणीपुरवठा बंद असल्याची सूचना आधी दिलेली. जुनं पॅनेल निघालं, नवं बसलं. वायरमन मंडळींनी फेरूल (वायरींवरचे क्रमांक) इतके नीट घातलेत की ड्रॉइंग न बघता वायर सापडते.

एक गोष्ट थांबवावी लागली. आय/ओ रॅकचं नेटवर्क रिंगमध्ये आहे. कुठेही एक केबल तुटली तर डीएलआर रिंग ३ मिलिसेकंदांच्या आत उलट्या बाजूने वाट काढते. पण रिंगची जाणारी आणि येणारी, दोन्ही फायबर एकाच चरातून ओढली जात होती, कारण चर उघडा होता. जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातील.

अमेरिकेतल्या अलाबामामधल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात २२ मार्च १९७५ ला हेच दिसलं. हवेची गळती शोधायला मेणबत्ती धरली, तिने भिंतीच्या भोकातल्या फोमला पेट घेतला आणि सुमारे १,६०० केबल जळाल्या. एकमेकींना आधार म्हणून असलेल्या सुरक्षा यंत्रणांच्या केबल त्यांत बरोबरीने होत्या. त्यानंतर तिथे अग्निसुरक्षेसाठी केबल वेगळ्या ठेवण्याचे नियम आले. मुकादमांना ही हकिगत सांगितली. त्यांनी वाद घातला नाही. परतीची फायबर इमारतीच्या दुसऱ्या बाजूने, भिंतीवरच्या कंड्युइटमधून घ्यायचं कबूल केलं. व्हॉल्व्ह चेंबरपाशी मात्र मोरीच्या खालून जायला एकच वाट आहे, तो तुकडा सध्या राहिला.

२१ मार्च, गुरुवार

ताबा बदलाच्या चाचण्या. तीन पंप चालू ठेवून. पंप बंद असताना घेतलेली चाचणी मला चाचणी वाटत नाही.

आरएम२ ची एक फायबर काढली. ताबा बदलला नाही, अलार्म आला. दुसरीही काढली. मुख्य चालू राहिला, दुसरा अपात्र ठरला. काकांनी विचारलं, "संपर्क तुटला तर दुसऱ्याने लगेच घ्यायला नको का?" नको. पहिला जिवंत आहे की नाही हे दुसऱ्याला कळत नसताना त्याने ताबा घेतला तर एकाच ब्रेकरला दोन मालक होतील, एक क्लोज म्हणेल, दुसरा ट्रिप. अशा वेळी दुसऱ्याने गप्प राहणंच बरोबर.

फायबर परत जोडून जोडी जमू दिली. मग मुख्य चॅसिसचा एमसीबी पाडला. पंपांच्या अँमीटरचे काटे जागचे हलले नाहीत. ब्रेकर पल्सवर आहेत, तेव्हा ते हलणारच नव्हते. म्हणून नजर शाफ्टच्या लुब्रिकेशनच्या पाण्याच्या सोलेनॉइडवर (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हवर) ठेवली होती, त्याचं आउटपुट सतत लागतं. रेकॉर्डरवर रेघ सलग आली. मुख्य चॅसिसमधलं इथरनेट मॉड्यूल चालू अवस्थेत बाहेर ओढलं, तेव्हाही सलग.

काकांनी स्वतः एकदा एमसीबी पाडून पाहिला. हे मला फार हवं होतं. रात्री ज्यांच्या हातात यंत्र असतं त्यांचा त्यावर विश्वास बसला पाहिजे.

२२ मार्च, शुक्रवार

कालच्या चाचण्यांत सापडलेला खरा बिघाड कंट्रोलरचा नव्हता. ताबा बदलल्यावर जागेवरचा एचएमआय (चालकाचा पडदा) क्षणभर थांबून परत आला. शहरातल्या कंट्रोल रूममधला स्काडा मात्र परत आलाच नाही. त्याहून वाईट म्हणजे तसं दिसतही नव्हतं. पडद्यावर जुने आकडे स्थिर होते, पातळी, दाब, प्रवाह, सगळं नेहमीसारखं. तिथल्या ऑपरेटरला वाटलं सगळं सुरळीत आहे.

कारण सापडलं. ताबा बदलताना दोन्ही इथरनेट मॉड्यूल आपसात आयपी पत्ता बदलतात. पत्ता तोच राहतो, पण त्यामागचं मॉड्यूल दुसरं, म्हणून मॅक पत्ता (त्या मॉड्यूलचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) वेगळा. मधल्या फायरवॉलमध्ये सुरक्षेसाठी प्रत्येक आयपीला एकच मॅक बांधून ठेवला होता. नवा मॅक दिसताच त्याने दार बंद केलं. फायरवॉल त्याच्या जागी बरोबर, कंट्रोलर त्याच्या जागी बरोबर. या दोघांना एकमेकांबद्दल कुणी सांगितलं नव्हतं.

दोन्ही मॅकना परवानगी मिळाली. शिवाय कंट्रोलरमध्ये दर सेकंदाला वाढणारा आकडा ठेवला. स्काडाला तो १० सेकंद हलताना दिसला नाही तर पडद्यावरचे सगळे आकडे करडे होतात आणि भोंगा वाजतो. शिळा आकडा ताज्यासारखा दिसता कामा नये.

४ एप्रिल, गुरुवार

जोडीच्या अवस्थेचा अलार्म पूर्ण केला. प्रोग्रॅम कंट्रोलरकडून चॅसिसची अवस्था वाचतो : २ म्हणजे जोडीदार तयार, ३ म्हणजे जोडीदार अपात्र, ४ म्हणजे जोडीदारच नाही. २ सोडून काहीही आलं की तीन ठिकाणी कळतं : दारावरचा दिवा, कंट्रोल रूमचा पडदा, आणि शिफ्ट अभियंत्याच्या फोनवर एसएमएस. दिवा उलटा जोडला. जुना दिवा सगळं ठीक असताना जळायचा, त्यामुळे बल्ब गेला काय नि जोडी गेली काय, सारखंच दिसायचं आणि कुणी विचारायचं नाही. आता बिघाड झाला की लाल दिवा लुकलुकतो, शेजारी लॅम्प टेस्टचं बटण आहे. अलार्म स्वीकारला तरी दर ८ तासांनी, म्हणजे प्रत्येक शिफ्टला, पुन्हा येतो. आधीच्या शिफ्टने पाहिलं होतं म्हणून पुढच्याने सोडून दिलं, असं व्हायला वाव नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

हस्तांतरण. देखभालीच्या वेळापत्रकात महिन्यातून एकदा, दिवसपाळीत, पंप चालू असताना ताबा बदलायचा. मग पुढचा महिनाभर तो कंट्रोलर मुख्य म्हणून ठेवायचा, परत उलटवायचा नाही. दोघांनाही आळीपाळीने खरं काम मिळतं. या कामाला शटडाऊन लागत नाही, पण पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडे असतील त्या दिवसांत करायचं नाही, असं काकांनी सुचवलं. ते नियमात घातलं.

शिल्लक कामं लेखी दिली. मोरीखालच्या फायबरला दुसरी वाट, पावसाळ्याआधी. सुट्या सामानात आरएम२ एक आहे, इथरनेट मॉड्यूल अजून आलेलं नाही. दुसऱ्या लेव्हल ट्रान्समीटरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र बाकी आहे, ते येईपर्यंत दोन्ही ट्रान्समीटरमधल्या फरकाचा अलार्म २० सेंटीमीटरवर ठेवला आहे.

पहिला मासिक ताबा बदल १६ मे रोजी. शिफ्ट अभियंता आणि काका करतील, मी फोनवर असेन.